तळातला तुकडा

मिलिंद भाजी घ्यायला थांबला की हातगाडीवाल्या मावशी आधीच कपाळाला हात लावायच्या. वरचे टोमॅटो कितीही लालबुंद असोत, हा ढिगाच्या पोटात कोपरापर्यंत हात घालणार, तळातला एक काढणार, अंगठ्याने दाबणार, नाकाजवळ नेणार आणि मग वरचेच घेणार.

"अरे बाबा, वरचेच घ्यायचेत तर खालचा कशाला उपसतोस?" मावशी म्हणायच्या.

"वरचा माल सगळ्यांचाच चांगला असतो, मावशी. खालचा चांगला निघाला की वरचा घ्यायला भीती नाही."

चिखलीतल्या आमच्या इमारतीत तो माझ्या खालच्या मजल्यावर राहायचा. घरात आई, बायको सुवर्णा आणि लहान मुलगी. त्याचे वडील पिंपरीतल्या एका कंपनीत कामगार होते. तो स्वतः चाकणला, मोटारसायकलींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात तपासनीस होता. तयार भागांनी भरलेले मोठे क्रेट त्याच्यासमोर यायचे, त्यातले काही तुकडे काढून तो मापायचा आणि अख्खा क्रेट पास की नापास ते ठरवायचा. मी निगडीच्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. पुस्तकांपलीकडे माझा फारसा कुणाशी संबंध येत नाही. मिलिंदशी आला तोही एका वहीमुळे.

पण त्याआधी गणेशबद्दल सांगायला हवं, कारण मिलिंदच्या कारखान्यातल्या गोष्टी मला गणेशनेच सांगितल्या आहेत. गणेश मूळचा लातूरकडचा, त्याच कारखान्यात लाइनवर काम करणारा, मिलिंदचा जिवाभावाचा मित्र. त्याचे स्वतःचे क्रेटही मिलिंदने नापास केले होते आणि त्या दिवशी दोघांनी एकाच डब्यातून जेवण केलं होतं.

गणेशची आवडती गोष्ट ऑडिटची होती. बाहेरची पाहुणेमंडळी कारखाना बघायला येणार असली की आदल्या दिवशी सगळे क्रेट लावले जातात. निवडून निवडून चांगले तुकडे वर ठेवायचे. यात कुणाला काही गैर वाटत नाही. घरी पाहुणे येताना आपण चांगली चादर घालतो, तसंच ते. त्या दिवशी पाहुणे मिलिंदच्या टेबलापाशी थांबले आणि म्हणाले, काम कसं करता ते दाखवा.

"आणि मॅडम, ह्यानं सवयीनं घातला की हात," गणेश हसत सांगायचा. "साहेब डोळ्यानं खुणवायलेत, मी मागनं खोकायलोय, आन् भावानं पाहुण्यांच्या पुढ्यात तळातला तुकडा काढला. बेक्कार निघाला. ह्यानं शांतपणे नापास मालाच्या लाल ट्रेमध्ये ठेवला. आठ दिवस साहेब बोलला नाही ह्याच्याशी."

"मग तू काय म्हणालास?" मी मिलिंदला विचारलं होतं.

"काय म्हणणार? हात आधी जातो मॅडम, डोकं मागून येतं."

असा हा माणूस दर रविवारी मोटारसायकल हवेत उडवायचा. साध्या रस्त्यावरचे ते चाक उचलण्याचे प्रकार त्याला आवडत नसत. त्याचा खेळ वेगळा होता. लोखंडी रॅम्पवरून गाडी वेगात वर न्यायची, हवेत असताना कसरत करायची आणि पलीकडच्या मातीच्या उतारावर दोन्ही चाकं टेकवायची. मधलं अंतर अख्ख्या दोन बस मावतील एवढं. या खेळात लोक मरतात. जे मरत नाहीत त्यांतले काही पुन्हा चालत नाहीत. हे मला त्यानेच सांगितलं, अगदी ताक पिता पिता.

"भीती नाही वाटत?" मी विचारलं.

"वाटते ना. कशाकशाची वाटते ते लिहून ठेवतो."

दुसऱ्या दिवशी तो ती वही घेऊन माझ्या ग्रंथालयात आला. अंगावर कंपनीचा गणवेश, गळ्यात ओळखपत्र. दोनशे पानी शाळेची वही होती. जगभरातल्या खेळाडूंचे अपघात मोबाइलवर पुन्हा पुन्हा बघून त्याने त्यात नोंदी केल्या होत्या. डावीकडे काय झालं, उजवीकडे आधी काय बघायला हवं होतं. नावं नव्हती. "बाजूचा वारा. झेंडा लावला नव्हता." "वेग कमी पडला. धावपट्टी ओलसर." "अर्ध्या कोलांटीत मन बदललं." काही ओळींच्या शेवटी त्याने बारीक अक्षरात "गेला" असं लिहिलं होतं. हा शब्द किती ठिकाणी होता ते मी मोजलं नाही.

त्याला इंग्रजीतल्या काही वैद्यकीय शब्दांचे अर्थ हवे होते. मी शब्दकोश काढून दिला. तो प्रत्येक अर्थ तोंडातल्या तोंडात म्हणून मग लिहायचा. दोन तासांनी वही मिटून म्हणाला, "मॅडम, तुम्ही पुस्तकांना घालता तसं खाकी कव्हर घालून द्याल? सुवर्णाने उघडली तर तिला शाळेची वही वाटेल."

"ती उघडणार नाही?"

"उघडली आहे तिने. पण कव्हर असलं की आम्हा दोघांनाही न बघितल्यासारखं करता येतं."

मी कव्हर घालून दिलं.

नवराबायकोत एक करार झालेला होता आणि तो आमच्या इमारतीत सगळ्यांना माहीत होता, कारण सुवर्णानेच तो जिन्यात उभं राहून सर्वांना सांगितला होता. मिलिंदला एकदाच मातीवर उलटी कोलांटी मारायची होती. म्हणजे हवेत गाडीसकट पूर्ण मागे फिरायचं आणि मग उतरायचं. एकदा ते झालं की गाडी विकायची आणि रविवारी घरी बसायचं. तोवर सगळा सराव फोमच्या खड्ड्यात करायचा. मातीवर कधी जायचं ते मिलिंदने ठरवायचं, पण घाई करायची नाही.

"एकदाच का?" मी त्याला विचारलं होतं.

त्याने गळ्यातलं ओळखपत्र काढून खिशात ठेवलं. मग म्हणाला, "आठ तास मी दुसऱ्यांनी बनवलेलं तपासतो मॅडम. एक गोष्ट अशी असावी की जी मी केली, मीच तपासली आणि पास झाली."

फोमचा खड्डा चऱ्होलीच्या पुढे होता. तिथे तात्या म्हणून एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या जागेत मुरूम काढून झालेली मोकळी खाण होती. आजूबाजूला इमारती उठत होत्या, पण तात्यांनी तेवढा तुकडा अजून विकला नव्हता. गाड्यांच्या सीट बनवणाऱ्या एका कारखान्यातून फोमच्या कापलेल्या कडा, बिघडलेले ठोकळे पोत्यांनी आणून मिलिंद आणि गणेशने ती खाण भरली होती. रॅम्पवरून उडून त्यात पडायचं. गाडी आणि माणूस दोन्ही गळ्यापर्यंत रुतायचे. मग तिवईला लावलेल्या साखळीच्या कप्पीने गाडी वर ओढायची.

मी एकदाच तिथे गेले. तात्या बाजेवर बसून बघत होते.

"मानूस वर फेकायचा आन् गादीत पाडायचा, ह्याला तुमी काय म्हंता?" त्यांनी विचारलं.

"प्रॅक्टिस," मिलिंद म्हणाला.

"आमी याड म्हंतो."

तात्यांच्या शेळीने एकदा फोम खाल्ला होता. तात्यांनी आकांत केला. मिलिंद सलग दोन दिवस कामावरून सुटला की चऱ्होलीला जाऊन शेळीच्या लेंड्या तपासून यायचा. तिसऱ्या दिवशी त्याने शेळी पास झाल्याचं जाहीर केलं. "ह्यो डाक्टर हाय का मेकॅनिक?" असं तात्या पुढे कितीतरी दिवस येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत असत.

फोमचा एकच शत्रू होता, पाणी. फोम ओला झाला की त्याचा फुगीरपणा जातो. तळात तो ओल्या वाळूच्या पोत्यांसारखा दबून बसतो, वरून मात्र काही कळत नाही. म्हणून पाऊस शिंपडला तरी मिलिंद अख्खा खड्डा उपसायचा, हजारो तुकडे तात्यांच्या रानात पसरून वाळवायचा आणि पुन्हा भरायचा. याला तीन दिवस लागायचे. आणि भरल्यावरही उडी मारण्याआधी खड्ड्याच्या कडेला पालथा झोपून खांद्यापर्यंत हात घालायचा, तळातला तुकडा काढायचा, पिळायचा, हुंगायचा. त्याशिवाय तो हेल्मेटला हात लावत नसे.

त्याला 'नाही' म्हणता येत असे. आपल्याकडे हे फार थोड्यांना येतं. एकदा चाकणजवळ कुणा पुढाऱ्याच्या वाढदिवसाला त्याला उडी मारायला बोलावलं होतं. कोलांटी नाही, साधी उडी, मातीच्या उतारावर. सुवर्णाने मलाही बरोबर नेलं. मैदानात मंडप होता, सोफे होते, स्पीकरच्या भिंती होत्या. प्रमुख पाहुणे यायच्या आधी कुणीतरी कामसू कार्यकर्त्याने पाण्याचा टँकर बोलावला आणि पाहुण्यांच्या कपड्यांवर धूळ उडू नये म्हणून सगळं मैदान शिंपडून घेतलं. मिलिंदच्या धावपट्टीसकट. त्या माणसाचा हेतू चांगलाच होता. येताना त्याने मिलिंदला सांगितलंही, "भाऊ, तुमच्यासाठी पण मस्त गार करून ठेवलंय."

मिलिंद धावपट्टीवरून चालत गेला. टाच रोवून बघितली. बुटाला लागलेला चिखल काडीने काढला आणि परत आला.

"आज नाही," तो म्हणाला.

"अहो, दादा येऊन बसलेत," तो कार्यकर्ता पुढाऱ्याच्या सोफ्याकडे बोट दाखवत म्हणाला.

"बसू द्या. दोन तासांत वाळेल, मग मारतो."

"दोन तासांत दादा चार कार्यक्रम उरकतात."

"मग त्यांना पुढच्या कार्यक्रमाला जाऊ द्या. मी आहे इथे."

माइकवर त्याचं नाव पुकारलं गेलं. तो आला नाही तसे लोक ओरडायला लागले. कुणी म्हणालं, घरी जाऊन सायकल चालव. मिलिंद एका उलट्या क्रेटवर बसून सुवर्णाच्या ओंजळीतले शेंगदाणे खात होता. गणेशचा चेहरा रागाने आणि शरमेने काळवंडला होता.

"भावा, तू स्टंटवाला हायस का ऑडिटर?"

"पगार तर ऑडिटरचाच मिळतो," मिलिंद म्हणाला आणि त्याच्यापुढे शेंगदाणे धरले. गणेशने घेतले नाहीत.

परतीच्या टेम्पोत मागे गाडी बांधलेली, पुढे आम्ही दाटीवाटीने बसलेलो. सुवर्णा मिलिंदच्या खांद्यावर डोकं टेकून झोपून गेली. घराशी उतरल्यावर ती मला जिन्यात म्हणाली, "मॅडम, आज मला पहिल्यांदा वाटलं, हे दर वेळी घरी येतील."

पुढचं सगळं एका आठवड्यात झालं. ते मी गणेशकडून ऐकलं आणि जसं ऐकलं तसं लिहिते.

कोलांटी आता फोममध्ये नीट बसू लागली होती. या रविवारी पाच चांगल्या झाल्या तर पुढच्या रविवारी माती, असं मिलिंदने सुवर्णाला सांगितलं होतं. ती हो म्हणाली होती. गाडीला गिऱ्हाईकही बघून ठेवलं होतं तिने. आणि गुरुवारी दुपारी अवकाळी पाऊस आला. वाऱ्याने खड्ड्यावरची ताडपत्री उडवून तात्यांच्या बांधावर नेऊन टाकली.

मिलिंदला जाता येईना. त्याच्या आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन शुक्रवारी पिंपरीत होतं आणि त्या आठवड्यात त्याची आणि गणेशची तिसरी, म्हणजे रात्रीची, शिफ्ट होती. गणेश म्हणाला, तू आईकडे बघ, खड्डा माझ्याकडे. शुक्रवारी आणि शनिवारी तो शिफ्ट संपवून, न झोपता, लाइनवरच्या दोघांना घेऊन थेट चऱ्होलीला गेला. तिघांनी अर्धा खड्डा उपसला. खालचे तुकडे एकमेकांना चिकटले होते, उचलले की पाणी निथळत होतं. हवा ढगाळ. शनिवारी दुपारपर्यंत कळून चुकलं की सगळं वाळणार नाही. तेव्हा ते सीटच्या कारखान्यातून कोऱ्या कोरड्या फोमची पोती घेऊन आले, ओला फोम परत आत टाकला आणि वर दोन-अडीच फुटांचा थर लावला. पांढरे तुकडे निवडून सगळ्यांत वर.

"ऑडिटच्या आधी क्रेट लावतो ना मॅडम, तसंच लावलं," गणेश म्हणाला. "फसवायचं मनात नव्हतं. त्यानं यावं आन् बघून खूश व्हावं, एवढंच होतं. अडीच फूट कोरडं म्हणजे बास झालं, असं वाटलं. एकदाचं हे संपावं आन् वहिनीनं सुटावं, हे पण होतं."

रविवारी सकाळी मिलिंद आला. पांढराशुभ्र खड्डा बघून तो उभाच राहिला.

"अरे, काय केलंय हे," तो म्हणाला आणि हसला. मग बाही सरकवून कडेला पालथा झाला आणि हात आत घातला.

"भावा, दोन दिवस लागलोत आम्ही," गणेश म्हणाला. "डोळ्याला डोळा नाही. आज तरी विश्वास ठेव."

मिलिंदचा हात तेव्हा कोपराच्या थोडा वर गेला होता. त्याने मान वळवून गणेशकडे बघितलं. गणेशचे डोळे लाल होते, केसांत फोमचा चुरा होता. मिलिंदने हात बाहेर काढला, बाहीवरचे कण झटकले.

"पास," तो म्हणाला.

पहिलीच उडी होती. कोलांटी थोडी कमी फिरली. एरवी असं व्हायचं तेव्हा फोम त्याला गिळून घ्यायचा आणि तो तोंडातले तुकडे थुंकत, हसत वर यायचा. त्या दिवशी अडीच फुटांखाली तो टणक थरावर आदळला आणि गाडी त्याच्यावर आली. कप्पीने गाडी काढेपर्यंत तात्या स्वतः खड्ड्यात उतरले होते आणि त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. दवाखान्यात पोहोचेपर्यंत तो गेला.

जलदान विधीच्या, म्हणजे त्याच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी मी खाली त्यांच्या घरी होते. पांढरे कपडे घातलेली माणसं दाटीने बसली होती, तसबिरींपुढे मेणबत्त्या होत्या. भंतेजींचं पठण सुरू व्हायचं होतं. सुवर्णा खिडकीपाशी गेली आणि तिथेच थांबली. खाली पार्किंगमध्ये गणेश उभा होता. त्या रविवारनंतर तो घरात आला नव्हता. कारखान्यातही जात नव्हता. त्याच्या बायकोने मला फोनवर सांगितलं होतं की तो जेवत नाही, आणि तो स्वतःचं काही बरंवाईट करून घेईल अशी तिला भीती वाटते.

सुवर्णा जिना उतरून गेली. मी तिच्या मागे गेले. ती पडेल असं मला वाटलं.

"वर चला भाऊजी," ती म्हणाली.

गणेशने नकारार्थी मान हलवली. "वहिनी, खालचा फोम ओला होता. मला माहीत होतं. मी सांगितलं नाही."

ती ऐकत होती. हे तिला पोलिसांच्या कागदांतून आधीच कळलेलं होतं. तरी त्याच्या तोंडून ऐकताना तिने बाजूच्या स्कूटरच्या सीटवर हात टेकला.

"यांनी हात घातला होता ना?" तिने विचारलं.

"घातला होता. कोपरापर्यंत. मी बोललो म्हणून काढला."

"मग यांना कळलं होतं."

गणेशने वर बघितलं.

"त्या हातांना मी ओळखते भाऊजी. पिठाच्या डब्यात हात घातला तरी तळाला ओल आहे का सांगायचे. कोपरापर्यंत गेला म्हणजे गार लागलं असणार. यांना कळलं होतं. तुम्हाला 'नाही' म्हणता आलं नाही यांना. सगळ्या जगाला म्हणायचे."

"वहिनी, असं..."

"तुमचा राग येतो मला. येणारच. पण राग वर बसून पण येतो. चला."

ती त्याचा दंड धरून त्याला वर घेऊन गेली. भंतेजींनी पाणी ओतायला सुरुवात केली तेव्हा गणेश दाराशी, चपलांच्या ढिगाशेजारी बसला होता. पाणी भांड्याच्या काठावरून ताटात सांडू लागलं, तशी सुवर्णाने मागे न बघता त्याला पुढे सरकायची खूण केली आणि तो सरकला.

मिलिंदला खरंच कळलं होतं का, हे मला ठाऊक नाही. सुवर्णाला तरी तसं वाटतं का, की समोरच्या माणसाच्या पाठीवरचं अर्धं ओझं काढून तिने ते नवऱ्याच्या पाठीवर ठेवलं, कारण तो आता ते वाहू शकत होता, हेही मी तिला विचारलेलं नाही. ती आता माझ्याच महाविद्यालयाच्या कार्यालयात काम करते. गणेश पुन्हा कामावर जातो, आणि दर महिन्याला मिलिंदच्या आईला डोळे दाखवायला घेऊन जातो.

मी मिलिंदला शेवटचं बघितलं ते त्या शुक्रवारी, सकाळी पावणेआठच्या सुमारास. स्पाइन रोडवर माझी बस सिग्नलला थांबली होती आणि समोरून येणारी त्यांच्या कंपनीची बस वाहनांच्या गर्दीत आमच्या अगदी शेजारी येऊन उभी राहिली. तिसऱ्या शिफ्टची माणसं घरी चालली होती. खिडकीशी मिलिंद झोपलेला होता, तोंड किंचित उघडं, मान काचेकडे कललेली. त्याच्या शेजारी गणेश सरळ बसून जागा होता. थोड्या वेळाने तो चऱ्होलीच्या फाट्याला उतरणार होता, हे मला नंतर कळलं. बस इंजिनाने थरथरत होती. काचेवर डोकं आपटू नये म्हणून गणेशने आपला तळहात काच आणि मिलिंदचं कपाळ यांच्या मध्ये धरला होता. मी हाक मारावी की नाही या विचारात होते, तेवढ्यात सिग्नल सुटला. त्यांची बस पुढच्या गतिरोधकावरून उसळत गेली. मी मागे वळून बघितलं, हात तिथेच होता.